रात्रपाळीतल्या डॉक्टरसाठी

वसई-विरारमध्ये रात्री दोन वाजता एखाद्या माणसाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला आणि जीभ जड झाली, तर त्याला सर्वांत आधी तपासणारा डॉक्टर मेंदूविकारतज्ज्ञ नसतो. बहुतेक वेळा तो फिजिशियनही नसतो. तो असतो एखाद्या नर्सिंग होमच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारा तरुण आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर, किंवा आगाशी, वाघोली, संतोष भुवन अशा ठिकाणचा, शेजाऱ्यांनी दार वाजवून उठवलेला फॅमिली डॉक्टर. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत तो काय ओळखतो, कोणाला फोन लावतो आणि रुग्णाला कुठे पाठवतो, यावर तो माणूस पुढे स्वतःच्या पायाने चालणार की उरलेले आयुष्य अंथरुणावर काढणार, हे पुष्कळसे ठरते. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या दिवशी व्याख्याने होतात, फेऱ्या निघतात, रक्तदाब तपासणीची शिबिरे भरतात. ती व्हावीतच. पण आमचे म्हणणे या रात्रपाळीतल्या डॉक्टरबद्दल आहे. पक्षाघातावरील तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण आता ऑनलाइन, बरेचसे विनामूल्य मिळते. ज्याच्या हातात रुग्ण सर्वांत आधी येतो, त्याच्यापर्यंत ते अजून नीट पोहोचलेले नाही.

दुखणे किती मोठे आहे, हे आधी पाहू. मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ठरावीक लोकवस्तीतील पक्षाघाताच्या रुग्णांची काटेकोर नोंद केली. पंचवीस वर्षे व त्यापुढील वयाच्या दर लाख लोकांमागे वर्षाला १४५ जणांना आयुष्यातला पहिला झटका येतो, असे त्यातून दिसले. त्यांतील सुमारे ८० टक्के रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली होती. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला होता. झटका आल्यापासून २८ दिवसांत जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावले. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार होती. त्यातले निम्मेच लोक पंचविशीपुढचे धरले आणि मुंबईचे हेच प्रमाण लावले, तरी वर्षाला नऊशेच्या आसपास नवे रुग्ण होतात. म्हणजे रोज दोन ते तीन. हा आमचा ढोबळ हिशेब आहे, आणि तोही जुन्या लोकसंख्येवरचा. नालासोपारा आणि विरारच्या पूर्वेला त्यानंतर किती इमारती आणि चाळी उभ्या राहिल्या, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

वैद्यकशास्त्राच्या हातात या आजारावर पूर्वी फारसे काही नव्हते. रुग्णाला दाखल करायचे, वाट पाहायची, मग व्यायाम सुरू करायचे, एवढाच मार्ग होता. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे आल्टेप्लेज हे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे होण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते, हे युरोपातल्या चाचणीने दाखवले. २०१५ मध्ये एकामागून एक आलेल्या पाच चाचण्यांनी मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार प्रस्थापित केला, आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी त्याची मुदत चोवीस तासांपर्यंत गेली. टेनेक्टेप्लेज हे एकाच झटक्यात टोचता येणारे औषध तर आपल्या पुण्यात तयार होते.

औषध आले, तरी घड्याळ थांबले नाही. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये एक हिशेब मांडला: मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली, की उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. साडेचार तासांची मुदत आहे म्हणजे चौथ्या तासापर्यंत बसून राहायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. पहिल्या तासात दिलेले औषध आणि चौथ्या तासात दिलेले तेच औषध यांच्या परिणामांत फार मोठे अंतर असते.

आता ही मुदत वसईच्या भूगोलाला लावून पाहू. पाणजू बेटावरच्या माणसाला आधी खाडी ओलांडावी लागते, मग नायगाव. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरूनही होडीशिवाय किनारा गाठता येत नाही. रस्त्याने मुंबईकडे जायचे तर मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि वर्सोव्याचा पूल हीच वाट. त्या महामार्गावरच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकून पडल्याच्या आणि रुग्ण वाटेतच गेल्याच्या बातम्या आपण गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. विरारला संध्याकाळी झटका आलेल्या माणसाला थेट मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे म्हटले, तर निम्मी मुदत रस्ताच खातो. ही झाली महापालिका हद्दीतली गोष्ट. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडही आहेत. तिथल्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर नाशिकची नाही तर ठाणे-मुंबईची वाट धरावी लागते. साडेचार तास घाट उतरण्यातच संपतात.

रस्त्यात जाणारा वेळ सगळ्यांना दिसतो. आमच्या मते त्याहून अधिक वेळ न दिसता जातो. पहिल्या दवाखान्यात ‘रक्तदाब वाढलाय’ म्हणून जिभेखाली गोळी ठेवली जाते आणि अर्धा तास थांबवले जाते. दुसरीकडे सलाइन लावून सकाळी मोठे डॉक्टर येईपर्यंत वाट पाहिली जाते. तिसरीकडे रुग्ण दाखल होतो, पण सीटी स्कॅनचे यंत्र तिथे नसते, म्हणून पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा रुग्णवाहिका, पुन्हा अनामत रक्कम. यात कोणाचा दुष्टावा नसतो. कोणालाच ठरवून दिलेला क्रम माहीत नसतो, एवढेच. प्रशिक्षणाची गरज आहे ती इथे.

हा क्रम किती फरक पाडतो, याचे उदाहरण फिनलंडच्या राजधानीतले आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९८ मध्ये रुग्ण दारात आल्यापासून औषध टोचेपर्यंत सरासरी १०५ मिनिटे जात. २०११ मध्ये ती २० मिनिटांवर आली. यासाठी त्यांनी मुख्यतः कामाची पद्धत बदलली. रुग्णवाहिकेतून आधीच फोन करायचा, रुग्णाचा पूर्वेतिहास तो पोहोचण्याआधी काढून ठेवायचा, रुग्णाला वॉर्डात न नेता थेट सीटी स्कॅनच्या टेबलावर घ्यायचे आणि औषध तिथेच सुरू करायचे. कामे तीच होती. त्यांचा क्रम बदलला आणि ती एकापाठोपाठ करण्याऐवजी एकाच वेळी होऊ लागली. हे शिकवता येते. पडद्यावरूनही शिकवता येते.

पडद्यावरून शिकलेला डॉक्टर खरोखर तयार होतो का, ही शंका रास्त आहे. टाके घालायला किंवा श्वासनलिकेत नळी घालायला ऑनलाइन शिकता येणार नाही. पक्षाघाताच्या पहिल्या तासात मात्र हातापेक्षा निर्णय मोठा असतो, आणि निर्णय घ्यायला दुरून शिकवता येते, याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या यकृततज्ज्ञांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. आपल्याकडे उपचारासाठी महिनोन्महिने थांबणाऱ्या हेपटायटिस सीच्या रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी त्यांनी गावोगावच्या साध्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एकत्र आणले. प्रत्येकाने आपला खरा रुग्ण मांडायचा, तज्ज्ञाने आणि इतरांनी त्यावर बोलायचे. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: विद्यापीठ रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, गावातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांच्या हाताखाली ५८.२ टक्के. म्हणजे दूरवरच्या डॉक्टरांचा निकाल तज्ज्ञांच्या निकालाला तोडीस तोड होता. तिथे व्याख्यान ऐकून कोणी शिकले नाही. स्वतःचा रुग्ण मांडून, चुका उघड करून, पुढच्या आठवड्यात परत येऊन ते शिकले.

आपल्याकडच्या बहुतेक वेबिनारांत नेमके हेच नसते. रविवारी सकाळी दीड तास, तीन वक्ते, शेवटी दोन प्रश्न आणि प्रमाणपत्राची पीडीएफ. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरला पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. ही अट चांगली आहे. पण गुण हजेरीला मिळतात, सुधारणेला नाही. शिवाय आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदव्या घेऊन रात्रपाळी करणारे आरएमओ या परिषदेच्या यादीत नसतातच, त्यामुळे त्यांना ते गुण मिळवण्याचे कारणही नसते. त्यांनी आधुनिक औषधे द्यावीत का, यावर राज्यात मोठा वाद आहे. तो वाद त्याच्या जागी. रात्री दोन वाजता वसई-विरारच्या कॅज्युअल्टीत ते उभे असतात, हे सत्य त्या वादाने बदलत नाही. त्यांनी गुठळीचे औषध टोचावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी झटका ओळखावा, वेळ नोंदवावी, चुकीचे काही करू नये आणि योग्य माणसाला योग्य शब्दांत फोन करावा. एवढ्यासाठी त्यांना कोणी शिकवायचे नाही, हा रुग्णावर होणारा अन्याय आहे.

प्रशिक्षणाची साधने हाताशी आहेत. जागतिक स्ट्रोक संघटनेची ऑनलाइन अकादमी आहे. इंडियन स्ट्रोक असोसिएशनने ‘मिशन ब्रेन अटॅक’ ही मोहीम देशभरातल्या डॉक्टरांसाठी आणि लोकांसाठी चालवली आहे. रुग्णाची तीव्रता मोजण्याच्या अमेरिकी मापनपद्धतीचे, म्हणजे एनआयएच स्केलचे, प्रशिक्षण व्हिडिओंवरून घेऊन परीक्षा देता येते. ‘एंजल्स इनिशिएटिव्ह’ या उपक्रमातून अनेक देशांतल्या रुग्णालयांना पद्धतशीर मदत मिळते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: एंजल्समागे बोरिंगर इंगेलहाइम ही औषध कंपनी आहे आणि आल्टेप्लेज तिचेच उत्पादन आहे. त्यामुळे त्या प्रशिक्षणाचे मोल कमी होत नाही. पण डॉक्टरांच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी औषध विकणाऱ्यावर सोडून राज्य सरकारने, आरोग्य विद्यापीठाने आणि महापालिकेने स्वस्थ बसावे, हे आम्हाला मान्य नाही. अभ्यासक्रम सार्वजनिक संस्थेचा असावा, पैसा सार्वजनिक असावा, मग कंपन्यांची साधने हवी तेवढी वापरावीत.

या अभ्यासक्रमात काय असावे? आम्ही वैद्यक शिकवणारे नव्हे, पण मेंदूविकारतज्ज्ञ अनेक वर्षे जे सांगत आले आहेत, त्यातून चित्र स्वच्छ दिसते. पहिला प्रश्न: रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? ‘कधी सापडला’ हा वेगळा प्रश्न आहे. रात्री अकराला झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा आढळला, तर घड्याळ अकरापासून मोजतात. नातेवाईक घाबरलेले असतात, प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो. शांतपणे, टीव्हीवरची मालिका किंवा शेवटचा फोन यांच्या आधाराने ती वेळ काढून घेणे हे कौशल्य आहे. दुसरे, रक्तातील साखर. साखर खाली गेली तरी माणूस हुबेहूब लकवा मारल्यासारखा दिसतो, आणि बोटाला टोचून अर्ध्या मिनिटात ते कळते. तिसरे, रक्तदाब. झटक्यात रक्तदाब वाढलेला असतोच. तो घाईने, जिभेखाली गोळी ठेवून खाली आणला तर मेंदूचा वाचू शकणारा भागही रक्ताविना मरतो. गुठळीचे औषध द्यायचे असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, तोही शिरेतून, मोजून-मापून. चौथे, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन नाही. पाचवे, गिळता येते का हे तपासल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा नाही. ठसका लागून पाणी फुप्फुसात जाते आणि रुग्ण न्यूमोनियाने दगावतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारायचे. मग तज्ज्ञाला फोन, आणि या सगळ्याची उत्तरे एका दमात, साठ सेकंदांत सांगायची. हा साठ सेकंदांचा फोन प्रशिक्षणात प्रत्येकाकडून म्हणून घेतला पाहिजे.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. एनआयएच स्केलमध्ये रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. मूळ अमेरिकी तक्त्यात हातमोजा, निवडुंग, हॅमॉक अशी चित्रे आहेत; वाचायला दिलेल्या शब्दांत ‘हकलबेरी’ आणि ‘बेसबॉल प्लेयर’ आहेत. नंदाखालच्या कादोडी बोलणाऱ्या आजींना हॅमॉक ओळखता आला नाही, तर तो मेंदूचा दोष की तक्त्याचा? दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी हिंदी रूपांतर तपासून घेतले आहे. वसईत मराठी आहे, कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळी बोली आहे. नालासोपाऱ्यात भोजपुरी आणि गुजराती आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वारली आणि कातकरी आहे. रुग्णाचे बोलणे अडखळते आहे की डॉक्टरला त्याची बोली कळत नाही, हे ठरवणे इथे रोजचे काम आहे. स्थानिक डॉक्टर आणि परिचारिका यांनी बसून आपले तक्ते तयार करावेत: विळी, छत्री, होडी, केळीचा घड. ते दिल्लीहून किंवा जिनिव्हाहून येणार नाहीत.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात क्वचितच असते. ती म्हणजे भीती. १९९५ च्या त्या चाचणीत औषध दिलेल्या दर शंभरातल्या साधारण सहा रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. एकूण हिशेबात औषधाचा फायदाच निघाला. पण त्या सहांपैकी एक आपल्या टेबलावर असेल तर? छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरला पुढचे दृश्य दिसते: चाळीस नातेवाईक, फुटलेल्या काचा, पोलीस. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरीही ही भीती खोटी नाही. तिच्यामुळे डॉक्टर ‘इथे काही करत नाही, मुंबईला न्या’ असे म्हणतो आणि मुदत महामार्गावर संपते. नातेवाइकांना तीन मिनिटांत धोका आणि फायदा कसा समजावायचा, कोणते शब्द वापरायचे, संमती कशी लिहून घ्यायची, दुरून बोलणारा तज्ज्ञ त्या वेळी व्हिडिओवर नातेवाइकांसमोर कसा येईल, हे शिकवले पाहिजे, अभिनय करून घेतले पाहिजे. भीती उपदेशाने जात नाही. सरावाने आणि पाठीशी कोणी आहे या खात्रीने जाते.

पाठीशी कोणी असणे याचेही अनुभव आहेत. जर्मनीत बव्हेरियामध्ये २००३ पासून म्युनिक आणि रेगेन्सबुर्ग येथील तज्ज्ञ बारा छोट्या रुग्णालयांतले रुग्ण व्हिडिओवर पाहू लागले. सोबत तिथल्या डॉक्टरांचे प्रशिक्षणही सुरू ठेवले. त्याआधीच्या वर्षी त्या रुग्णालयांत गुठळीचे औषध हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना मिळाले होते. पुढच्या चौदा महिन्यांत शंभरावर लोकांना मिळाले. आपल्या देशात हिमाचल प्रदेशाने २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या मदतीने वाट काढली. मेंदूविकारतज्ज्ञ फक्त शिमला आणि टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांत. बाकीचा प्रदेश डोंगरांचा. जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शिकवले, सीटी स्कॅनचे फोटो मोबाइलवरून तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय केली, औषध सरकारने मोफत ठेवले. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि हिमाचलचे एखादे जिल्हा रुग्णालय यांच्या अडचणी फार वेगळ्या नाहीत. केरळनेही जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत हा उपचार नेला आहे. आणि खुद्द महाराष्ट्रात हृदयविकारासाठी काही जिल्ह्यांत ईसीजी दुरून वाचून काही मिनिटांत सल्ला देण्याची पद्धत आलेली आहे. हृदयासाठी जे जमते, ते मेंदूसाठी न जमण्याचे कारण नाही.

राज्याच्या १०८ सेवेचा विचार यात स्वतंत्रपणे व्हावा. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली. इतर अनेक राज्यांत रुग्णवाहिकेत तंत्रज्ञ असतो; महाराष्ट्राने तिथे डॉक्टर ठेवला. ही मोठी ताकद आहे, आणि पक्षाघातासाठी ती पुरती वापरलेली नाही. त्या डॉक्टरला प्रशिक्षण मिळाले आणि कोणत्या रुग्णालयात या क्षणी सीटी स्कॅन, औषध व तज्ज्ञ तिन्ही आहेत याची यादी त्याच्या मोबाइलवर असली, तर जवळचे रुग्णालय सोडून योग्य रुग्णालय गाठायचा निर्णय तो घेऊ शकतो. वाटेतूनच फोन करून सीटीचे टेबल मोकळे ठेवायला सांगू शकतो. हेलसिंकीत जे झाले त्याची सुरुवात याच फोनने होते.

ती यादी कोण करणार? आमच्या मते महापालिकेने. नियमानुसार नर्सिंग होमची नोंदणी तिच्याकडेच असते. प्रत्येक रुग्णालयाला तीन प्रश्न विचारायचे: रात्रभर सीटी स्कॅन चालू असते का? गुठळी विरघळवणारे औषध कपाटात असते का, की नातेवाइकांना चिठ्ठी देऊन मेडिकलमध्ये पाठवता? फोनवर येणारा मेंदूविकारतज्ज्ञ ठरलेला आहे का? उत्तरे जाहीर करायची आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची. औषधाची किंमत काही हजारांत जाते, आणि ते वापराविना मुदतबाह्य होईल या भीतीने छोटी रुग्णालये ते ठेवत नाहीत. महापालिकेच्या रुग्णालयातून या औषधाचा एक सामाईक साठा ठेवला, वापरले तेवढ्याचेच पैसे घेतले, तर हा अडथळा दूर होईल. आणि प्रत्येक रुग्णाबाबत एक आकडा नोंदवायचा: दारात आला कधी, औषध टोचले कधी. जगभर साठ मिनिटांच्या आत हे व्हावे असे मानतात. प्रशिक्षण यशस्वी झाले का, हे किती डॉक्टरांनी लॉग-इन केले यावरून कळणार नाही. ते या एका आकड्यावरून कळेल.

डॉक्टर कितीही तयार असला, तरी रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत यायला हवा. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसणारी, कबुतराचे रक्त शोधायला धावणारी घरे आजही आहेत. त्यांना हसून उपयोग नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसरा उपाय त्यांनी पाहिलाच नव्हता. आता उपाय आहे. हसायला सांगा, तोंड एका बाजूला जाते का पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का पाहा. एक साधे वाक्य म्हणायला सांगा. यांतले एक जरी चुकले, किंवा अचानक तोल गेला, दिसायचे बंद झाले, तर वेळ लिहून घ्या आणि १०८ ला फोन करा. हे शाळेतल्या मुलालाही शिकवता येते, आणि बऱ्याच घरांत रात्री आजी-आजोबांजवळ तेच मूल झोपलेले असते.

रुग्णालयांच्या मालकांना आमची विनंती आहे: तुमच्या रात्रपाळीतल्या आरएमओला आणि परिचारिकेला या महिन्यात सहा पगारी तास द्या. रजेत नको, सुट्टीत नको, ड्यूटीतच द्या. वसई-विरारमधल्या डॉक्टरांच्या संघटनांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी, एका मेंदूविकारतज्ज्ञाने पडद्यावर बसावे, आणि या आठवड्यात आलेला, वाचलेला किंवा न वाचलेला खरा रुग्ण आरएमओनेच मांडावा. जव्हार-मोखाड्याच्या सरकारी डॉक्टरांनाही त्याच पडद्यावर जागा द्यावी. आणि वाचकहो, आज तुमच्या घराजवळच्या रुग्णालयात एक फोन करा. रात्री सीटी स्कॅन चालू असते का आणि गुठळी विरघळवणारे औषध ठेवलेले आहे का, एवढेच विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रुग्णालयाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. ‘नाही’ असेल तर पुढचे रुग्णालय विचारा, आणि तुमच्या नगरसेवकालाही विचारा.